पावसातली मुळशी: एका सायकल क्लबच्या समूह राइडचा अनुभव

जुलैच्या दुसऱ्या रविवारी आमच्या भागातल्या एका सायकल क्लबने कोथरूड डेपो ते मुळशी धरण आणि परत, अशी साधारण 75 किलोमीटरची पावसाळी समूह राइड ठेवली होती. मी या क्लबची सभासद नाही. बाहेरच्या लोकांसाठीचे 350 रुपये शुल्क भरून मी नाव नोंदवले आणि सकाळी साडेपाचपासून दुपारी साडेबारापर्यंत शेवटच्या गटाबरोबर राहून ही राइड पूर्ण केली. गेली नऊ वर्षे मी पुण्याच्या आसपास सायकल चालवते आहे आणि त्यांतले पाच पावसाळे वेगवेगळ्या गटांबरोबर काढले आहेत, त्यामुळे पावसात समूहाची घडी कुठे विस्कटते याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. क्लबचे नाव मी येथे देत नाही, कारण मला खटकलेल्या गोष्टी पुण्यातल्या बहुतेक गटांत आढळतात आणि त्यांचे खापर एकट्या या क्लबवर फुटावे असे मला वाटत नाही. ज्या गोष्टी त्यांनी चांगल्या केल्या, त्या मात्र इतरांनी जरूर उचलाव्यात, आणि हे सविस्तर लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

मुळशीचा रस्ता पुण्यातल्या सायकलस्वारांच्या अंगवळणी पडलेला आहे. चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा छोटा घाट, पुढे पौड आणि तिथून चढ-उतारांच्या रस्त्याने मुळशी धरण. हिवाळ्यात हाच रस्ता नवख्या माणसालाही झेपतो, पण जुलैत त्याचे रूप वेगळे असते. पुण्यात वर्षभरात सरासरी 750 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो आणि पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर तोच आकडा कित्येक हजारांत जातो. कोथरूडमध्ये रिमझिम असताना पौडच्या पुढे धो-धो पाऊस लागणे यात नवल काहीच नाही. म्हणजेच या मार्गावर सायकलस्वार ज्या हवामानात घरातून निघतो त्या हवामानात चालवत नाही. प्रत्येक दहा किलोमीटरला पाऊस वाढत जातो. ही राइड आखणाऱ्यांना याची पूर्ण जाणीव होती, हे नोंदणीपासूनच दिसले.

नोंदणीच्या अर्जात नाव, वय, रक्तगट आणि घरच्यांचा संपर्क क्रमांक हे तर होतेच, पण त्याशिवाय मी आजवर कोणत्याही क्लबच्या अर्जात न पाहिलेला एक प्रश्न होता: सायकलला रिम ब्रेक आहेत की डिस्क ब्रेक? पहिल्यांदा वाचताना हा प्रश्न केवळ माहिती म्हणून विचारला असावा असे वाटले. राइडच्या दिवशी त्याचा उपयोग पाहिला आणि या क्लबबद्दलचा माझा आदर तिथेच वाढला. रिम ब्रेकचे रबर चाकाच्या कडेवर घासते आणि कड ओली असेल तर पहिला एखादा फेरा नुसते पाणी पुसण्यातच जातो. लिव्हर दाबूनही सायकल क्षणभर तशीच पुढे सरकते आणि मग अचानक पकड येते. डिस्क ब्रेकची तबकडी चाकाच्या मध्यावर, रस्त्यावरच्या चिखलपाण्यापासून दूर असते, त्यामुळे तिथे हा विलंब फारसा जाणवत नाही. एकटे चालवताना ज्याला-त्याला आपल्या ब्रेकची सवय झालेली असते. पण समूहात डिस्कवाला पुढे आणि रिमवाला त्याच्या मागे दीड हातावर असला, की पुढचा झटकन थांबतो आणि मागच्याला थांबायला जागाच उरत नाही. पावसातल्या समूह राइडमध्ये मी आजवर पाहिलेल्या चार टकरींपैकी तीन अशाच झाल्या होत्या.

या क्लबने 26 जणांचे तीन गट केले ते वेगावरून नव्हे, तर ब्रेक आणि अनुभव यांच्या मेळावरून. प्रत्येक गटात रिम ब्रेकवाले पुढे आणि डिस्कवाले मागे, अशी रचना होती. पुढचा हळूहळू थांबला तर मागच्याला काहीच अडचण येत नाही, अडचण उलट बाजूने येते, हे राइडप्रमुखांनी निघण्यापूर्वी दोन वाक्यांत समजावून सांगितले. शिवाय दोन सायकलींमध्ये किमान दोन सायकलींइतके अंतर ठेवायचे आणि कोरड्या रस्त्यावर पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवत जाण्याची जी सवय असते ती आज पूर्ण विसरायची, असेही बजावले. हे अंतर ठेवले की आडोशाचा फायदा कमी मिळतो आणि दमणूक जास्त होते, म्हणून वेगवान मंडळींना ते जिवावर येते. त्यांच्यापैकी एका तरुणाने तशी कुरकुर केली, तेव्हा प्रमुखांनी त्याला आवाज न चढवता, पण कसलीही सूट न देता सांगितले, "आज तुझा वेग मोजायला कोणी आलेले नाही, तू घरी नीट पोचलास की माझे काम झाले."

सुटण्यापूर्वीची तपासणी सव्वापाच वाजता डेपोजवळच्या दिव्यांखाली झाली. क्लबचे दोन कार्यकर्ते प्रत्येक सायकलीपाशी जाऊन पुढचे चाक उचलून फिरवत होते, ब्रेक दाबून पाहत होते, टायरची कड अंगठ्याने चाचपत होते. माझ्या सायकलीच्या मागच्या ब्रेकचे रबर एका बाजूला झिजून रिमच्या वर टायरला टेकायला लागले होते, हे माझ्या स्वतःच्या लक्षात आलेले नव्हते. त्या कार्यकर्त्याने खिशातली पाना-किल्ली काढून तिथल्या तिथे ते दोन मिनिटांत खाली घेतले. ओल्या टायरवर घासणारे ब्रेकचे रबर काही उतारांतच टायरची बाजू कापून काढते. त्या दोन मिनिटांचे मोल किती, हे ज्याचा टायर उतारावर फुटला आहे त्याला सांगायला नको. टायरमधली हवा नेहमीपेक्षा आठ-दहा पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी करण्याची सूचनाही तिथेच झाली. हवा थोडी कमी असली की टायर रस्त्यावर जरा पसरतो आणि ओल्या डांबरावर पकड सुधारते, मात्र फार कमी केली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर आपटून पंक्चर होते, म्हणून प्रत्येकाच्या वजनाचा अंदाज घेऊन त्यांनी आकडा सांगितला.

मडगार्डच्या बाबतीतला त्यांचा नियम मला विशेष आवडला. रोड बाइकला मडगार्ड नसणे हे आपल्याकडे जणू ऐटीचे लक्षण झाले आहे, आणि त्याची शिक्षा चालवणाऱ्यापेक्षा त्याच्या मागच्याला जास्त भोगावी लागते. मागच्या चाकावरून उडणारी चिखलाची धार थेट मागच्याच्या तोंडावर, चष्म्यावर आणि पाण्याच्या बाटलीच्या तोटीवर येते, आणि रस्त्यावर शेण, डिझेल, गटाराचे पाणी असे काय-काय असते याचा विचार केला तर हे नुसते गैरसोयीचे नव्हे, आजाराला आमंत्रण आहे. या क्लबचा नियम साधा आहे: मागचे मडगार्ड असेल तर गटात कुठेही, नसेल तर आपल्या गटाच्या शेवटी. ब्रेकच्या रचनेपुढे हा नियमही बाजूला ठेवायचा असेल तर त्या माणसाच्या मागच्याने अंतर दुप्पट करायचे. आमच्या गटात साठीच्या पुढचे एक काका होते, ज्यांना सगळे नुसते काका म्हणत. त्यांनी आपल्या मडगार्डच्या टोकाला गोडेतेलाच्या पाच लिटरच्या डब्यातून कापलेली पट्टी दोन स्क्रूंनी लावली होती, आणि ती जमिनीपासून चार बोटांवर लोंबत होती. मी 20 किलोमीटर त्यांच्या मागे चालवले आणि माझ्या चष्म्यावर जे थेंब होते ते फक्त आभाळातून आलेले होते. दुकानात हजार-दीड हजारांची मडगार्डे मिळतात, पण त्यांतल्या बहुतेकांना ही खालची पट्टी नसते आणि समूहात खरा उपयोग त्या पट्टीचाच असतो.

दिव्यांच्या बाबतीत मात्र थोडी ढिलाई झाली. मागचा लाल दिवा सगळ्यांना सक्तीचा होता, हे योग्यच. पण तो स्थिर ठेवायचा की लुकलुकता, याबद्दल सूचना नव्हती. लुकलुकणारा दिवा मागून येणाऱ्या मोटारीला चटकन दिसतो, पण समूहात मागे चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर तो तासन् तास आपटत राहतो आणि ओल्या चष्म्यावर त्याचे ठिपके पसरून रस्ता दिसेनासा होतो. गटातल्या शेवटच्या स्वाराने दिवा लुकलुकता आणि बाकीच्यांनी स्थिर ठेवला, तर दोन्ही कामे होतात. भूगावपर्यंत मी हे सहन केले आणि मग पुढच्या तिघांना विनंती करून दिवे बदलून घेतले; कोणी नाही म्हटले नाही, पण ही सूचना निघतानाच व्हायला हवी होती.

चांदणी चौकाचा चढ संपला तेव्हा उजाडले होते आणि पाऊस बारीक पडत होता. जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये पाडला गेला आणि नवी रचना ऑगस्ट 2023 मध्ये खुली झाली, तेव्हापासून तिथे वाहने अधिक वेगाने जातात आणि रस्ते फुटणाऱ्या ठिकाणी सायकलस्वाराने कोणती बाजू धरावी याचा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो. क्लबने तिथे एक स्वयंसेवक आधीच उभा केला होता. त्याच्या अंगावर चकाकत्या पट्ट्यांचे जाकीट होते आणि तो हाताने दिशा दाखवत प्रत्येकाला "डावीकडून, डावीकडून" असे सांगत होता. संपूर्ण मार्गावर असा माणूस एकाच ठिकाणी होता, पण जिथे असायला हवा नेमका तिथे होता.

एरवी समूहात पुढचा माणूस हात मागे करून खड्डा दाखवतो किंवा हात वर करून थांबण्याची खूण करतो. ओल्या रस्त्यावर, नेमका ब्रेक लावायच्या वेळी हँडलवरचा एक हात काढणे धोक्याचे असते, आणि आवाज दिला तर तो पावसात आणि रेनकोटच्या टोपीत विरून जातो. यावर या क्लबने शिट्टी हा उपाय काढला आहे. प्रत्येक गटाच्या पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या गळ्यात शिट्टी असते: एक शिट्टी म्हणजे वेग कमी, दोन म्हणजे थांबा, आणि मागून लांब शिट्टी आली तर मोठे वाहन येते आहे. पिरंगुटच्या घाटात मागून कंटेनर आला तेव्हा ही लांब शिट्टी मला इंजिनाच्या आवाजाच्या आधी ऐकू आली. हा घाट लहान आहे, पण औद्योगिक पट्ट्यामुळे तिथे जड वाहनांची वर्दळ असते. उतारावर आमच्या प्रमुखांनी वेग इतका कमी ठेवला की कोरड्या दिवशी मला त्याचा वैताग आला असता. संपूर्ण उतारभर ते दर थोड्या वेळाने ब्रेक हलकेच टेकवत होते, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जावे आणि खरी गरज पडेल तेव्हा पकड तयार असावी. त्यांचे पाहून मागचे सातही जण तेच करू लागले. खाली पोचल्यावर मी माझ्या रिमवर बोट फिरवले, तर बोटावर राखाडी, चिकट गाळ आला: ब्रेकचे रबर, ॲल्युमिनियम आणि रस्त्यावरची बारीक वाळू यांचा लगदा. हाच लगदा ब्रेकचे रबर खातो. कोरड्या हंगामात जे महिनोन् महिने टिकते ते पावसाच्या एका मोठ्या राइडमध्ये डोळ्यांना दिसेल इतके झिजते.

पिरंगुटच्या पुढे पावसाने जोर धरला आणि पौडपर्यंत तो थांबला नाही. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे भरली होती आणि लावणी चालू होती. मुळशी तालुक्याच्या भाताचे, विशेषतः आंबेमोहराचे, नाव सगळ्यांना माहीत आहे; पण चिखलणी करून ट्रॅक्टर खाचरातून डांबरी रस्त्यावर येतो तेव्हा त्याच्या चाकांतून पडणारा चिखल सायकलस्वारासाठी साबणासारखा असतो, हे त्या रस्त्यावर घसरल्याशिवाय लक्षात येत नाही. आमच्या गटाच्या प्रमुखांना ही ठिकाणे ओळखता येत होती. खाचराकडे जाणारी कच्ची वाट दिसली की ते एक शिट्टी देत, आणि तिथून जाताना हँडल वळवायचे नाही, ब्रेक लावायचा नाही, पेडल मारायचे थांबवून सायकल सरळ वाहू द्यायची, असे त्यांनी सांगून ठेवले होते.

तरीही अपघात झालाच, आणि तो चिखलावर नव्हे तर रंगावर झाला. गतिरोधकाच्या आधी जे जाड पांढरे पट्टे मारलेले असतात ते ओले झाले की काचेसारखे निसरडे होतात. दुसऱ्या गटातल्या एका विशीच्या मुलाने नेमका त्या पट्ट्यावर, सायकल किंचित तिरकी असताना, पुढचा ब्रेक दाबला. चाक बाजूला सरकले आणि तो कोपरावर आणि नितंबावर पडला. आम्ही मागून दोन मिनिटांत तिथे पोचलो, त्यामुळे पुढचे सगळे मी स्वतः पाहिले. त्या गटाचा शेवटचा माणूस जखमीकडे न जाता आधी उलट दिशेला, मागून येणाऱ्या वाहनांकडे, तीस-चाळीस पावले पळत गेला आणि हातातली बॅटरी हलवत उभा राहिला. बाकीच्यांनी सायकली रस्त्याच्या कडेला मातीवर नेल्या. एका ताईंनी मुलाला लगेच उठू दिले नाही. त्याला नाव, वार आणि आपण कुठे आहोत हे विचारले, हेल्मेट आतून-बाहेरून तपासले, मान दुखते का ते पाहिले आणि मगच त्याला कडेला आणले. कोपर बाटलीतल्या पाण्याने धुऊन पट्टी बांधली. हेल्मेटला तडा नव्हता, मुलगा सावध होता आणि पुढे चालवायला तयार होता. क्लबने त्याला चालवू दिले नाही. मागचा गिअर धरणारा भाग वाकला होता आणि अशा अवस्थेत साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर टाकली तर ती आऱ्यांत अडकून चाक जागीच थांबू शकते, हे त्याला दाखवून त्यांनी सायकल राइडसोबतच्या क्लबच्या टेम्पोत चढवली आणि त्याला पौडच्या दवाखान्यात नेले. हा निर्णय घेताना कोणी त्याची समजूत काढत बसले नाही, आणि कोणी त्याला ओरडलेही नाही. व्यवस्था कशी असावी, याचे मला त्या सकाळी दिसलेले सर्वांत चांगले उदाहरण हेच होते.

आता मला खटकलेली पहिली मोठी गोष्ट. पौडच्या अलीकडे न्याहारीचा थांबा होता. कांदेपोहे, भजी आणि चहा शुल्कात समाविष्ट होते आणि चवीबद्दल तक्रार करायला जागा नाही. गरम पोहे मागाल तितके मिळत होते. पण हा थांबा 55 मिनिटे चालला. पहिला गट लवकर पोचला, तिसरा गट अपघातामुळे उशिरा पोचला, टेम्पो दवाखान्यात गेलेला, त्यामुळे सगळे सगळ्यांची वाट पाहत बसले. जुलैतल्या सकाळी हवा 22-23 अंशांची असते आणि ती थंड म्हणवत नाही. पण नखशिखान्त भिजलेले अंग पेडल मारणे थांबताच वेगाने उष्णता गमावते, आणि उघड्या शेडमध्ये वारा असेल तर आणखीच. पाऊण तासाने माझ्या शेजारी बसलेल्या ताईंचे ओठ निळसर दिसू लागले होते आणि त्यांना कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता. पुन्हा सायकलवर बसताना त्यांची बोटे ब्रेकच्या लिव्हरभोवती नीट मिटत नव्हती. ज्या क्लबने ब्रेकचा प्रकार विचारण्याइतका पुढचा विचार केला, त्याने ब्रेक दाबणाऱ्या बोटांचा विचार इथे केला नाही. पावसातला थांबा वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नसावा. आणि तो लांबणारच असेल, तर ज्यांचे खाणे झाले आहे त्यांना ठरल्याप्रमाणे गटागटाने पुढे सोडावे. मी माझ्यापुरता कोरडा बनियन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेला होता तो आत घातला, आणि टपरीवाल्या मावशींकडून जुने वर्तमानपत्र मागून घेऊन दोघींच्या जर्सीखाली छातीवर सरकवले. युरोपातले शर्यतपटू घाटमाथ्यावरून उतरताना वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत आणि ते खरोखर काम करते.

मुळशी धरणापाशी आम्ही नऊच्या सुमारास पोचलो. पुढे ताम्हिणीकडे जाण्याचा मोह अनेकांना होता, कारण धबधबे तिथेच आहेत. पण पावसाळी रविवारी त्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि दरडींचे भय वेगळे, म्हणून राइड इथेच वळेल हे क्लबने अर्जातच छापले होते आणि ते पाळले. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. काकांनी तिथे पाच मिनिटे मुळशी सत्याग्रहाबद्दल सांगितले: 1921 साली टाटांच्या या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी दिलेला लढा, आणि इथे अडवलेले मुळेचे पाणी आजही सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे कसे जाते, हे. ज्या पाण्याने पूर्वेला पुण्याकडे यायचे ते डोंगर ओलांडून कोकणात उतरते, हे त्या पावसात उभे राहून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हते. दर राइडला असे पाच मिनिटांचे काही ठेवता आले तर क्लबने जरूर ठेवावे.

परतीच्या वाटेवर व्यवस्था सैल पडली, आणि ही माझी दुसरी तक्रार. धरणापासून पौडपर्यंत गट टिकले. त्यानंतर पाऊस ओसरला, रस्ता थोडा सुकला आणि पहिल्या गटातली वेगवान मंडळी सुटली. पिरंगुटला सगळ्यांनी एकत्र व्हायचे ठरले होते. आम्ही तिसरा गट घेऊन तिथे पोचलो तेव्हा पहिल्या गटातले फक्त दोघे थांबले होते. परतताना पिरंगुटचा घाट चढायचा असतो, रविवारी साडेदहानंतर समोरून पर्यटकांच्या मोटारी येऊ लागतात आणि भूगावजवळ वाहतूक तुंबते. म्हणजे समूहाची खरी गरज नेमकी याच टप्प्यावर असते. सकाळी अंतर ठेवण्यावरून इतका काटेकोर असलेला क्लब परतताना हे सोडून देतो, तेव्हा सकाळच्या शिस्तीचा अर्धा उपयोग वाया जातो.

त्यातच घाटाच्या पायथ्याशी माझे मागचे चाक पंक्चर झाले. पावसाळ्यात पंक्चर वाढतात, कारण पाण्यामुळे काच आणि तारेचे तुकडे टायरला चिकटून राहतात आणि ओले रबर सहज कापले जाते. इथे मात्र तिसऱ्या गटाच्या शेवटच्या स्वाराने आपले काम चोख केले. त्याने बाकीच्यांना हळूहळू घाट चढायला पाठवले, स्वतः माझ्याबरोबर थांबला, आणि मी ट्यूबला ठिगळ लावायला निघाले तेव्हा मला अडवले. ओल्या ट्यूबवर सोल्यूशन धरत नाही, दहा किलोमीटरवर ठिगळ सुटते, म्हणून पावसात नेहमी नवी ट्यूबच घालायची. त्याने टायर आतून बोटाने फिरवत-फिरवत एका जागी थांबून मला तिथे हात लावायला सांगितले. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेली केसाइतकी बारीक तार होती, बाहेरून अजिबात न दिसणारी. ती त्याने नेलकटरने ओढून काढली. नुसती ट्यूब बदलली असती तर त्याच तारेने नवी ट्यूबही शंभर मीटरांत गेली असती. हा मुलगा क्लबचा पगारी माणूस नाही, दर रविवारी स्वतःहून शेवटी राहतो. घरी पोचल्यावर मी त्याच्यासाठी क्लबला स्वतंत्र चिठ्ठी लिहिली.

350 रुपयांत टेम्पो, न्याहारी, तपासणी आणि प्रथमोपचार एवढे मिळत असेल, तर दर वाजवीच नव्हे, स्वस्त आहे. उणीव एवढीच की टेम्पो एकच आहे आणि तो दवाखान्यात गेला की मागे सगळे उघडे पडतात. 25 पेक्षा जास्त लोक असतील तर दुसरे वाहन हवे, त्यासाठी शुल्क शंभराने वाढले तरी माझी हरकत नाही. टेम्पोत ट्यूबा, पंप आणि साखळीचे जोड होते, पण ब्रेकचे जादा रबर नव्हते, आणि पावसात नेमके तेच संपते.

ही राइड कोणी करावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्यांनी कोरड्या रस्त्यावर 50 किलोमीटर एका दमात केले आहेत आणि एखाद-दुसऱ्या पावसात शहरातल्या शहरात सायकल चालवून ब्रेकचा अंदाज घेतला आहे, त्यांनी निःशंकपणे जावे. विशेषतः ज्या महिलांना एकटीने या रस्त्यावर जायला संकोच वाटतो त्यांना इथे खरी सोबत मिळेल. आमच्यात आठ महिला होत्या आणि कोणालाही मागे टाकले गेल्याचे वाटले नाही. ज्यांनी पहिलीच समूह राइड म्हणून ही निवडण्याचा विचार केला असेल त्यांनी दिवाळीपर्यंत थांबावे. सुती कपडे घालून जाऊ नये, ते भिजले की जड होतात आणि मांड्या सोलवटतात. मोबाइलसाठी दुधाची धुतलेली पिशवी पुरते. आणि घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकलीवर पाणी मारून साखळी कोरडी पुसून तेल घालावे, कारण ओली वाळू रात्रभर तशीच राहिली तर सकाळी साखळीवर गंजाची लाली दिसू लागते. क्लब सोमवारी संध्याकाळी डेपोजवळच्या एका सभासदाच्या पार्किंगमध्ये सगळ्यांसाठी साफसफाईचा तास घेतो, तिथे बादली, ब्रश आणि साखळी धुण्याचे साधन मोफत वापरू देतात. मी गेले तेव्हा पडलेला मुलगाही आला होता, कोपराला पट्टी आणि वाकलेला भाग बदललेला.

तिथेच मी प्रमुखांना थांब्याबद्दल आणि परतीच्या गटांबद्दल सांगितले. त्यांनी वाद घातला नाही, खिशातली छोटी वही काढून दोन्ही मुद्दे लिहून घेतले. ऑगस्टमधल्या राइडची सूचना परवा आली, तिच्यात न्याहारीचा थांबा 25 मिनिटांचा आहे, प्रत्येकाने कोरडा बनियन पिशवीत आणणे सक्तीचे आहे आणि पिरंगुटला तिन्ही गटांची शिरगणती झाल्याशिवाय कोणी पुढे जायचे नाही असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. दिव्यांबद्दल त्यात अजूनही काही नाही, ते मी नाव नोंदवताना कळवले आहे.